पाखऱ्याची जागा

“…म्हणजे चूक माझी, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

एके काळची नर्तकी, म्हातारी भिवराई अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. दाणा टोपलीत, टरफल पदरात.

कस्तुरा उभीच होती. ‘बस’ म्हटलेलं तिला ऐकूच आलं नव्हतं.

“आई, सगळ्या खोऱ्यात विचारा. मी कधी ठेका चुकलेली नाही. रंगचौथऱ्यावर बसला तो. मी नाही.”

“हं…”

“एवढ्या माणसांसमोर! नाच अर्ध्यावर टाकून! मान पिसांत खुपसून झोपल्यासारखा!”

तो म्हणजे पाखऱ्या. कुंपणाबाहेर करंजाच्या सावलीत उभा होता. जातीचा झुलार. अंगाने शिंगराएवढा, मान करकोच्यासारखी लांब, आणि पाठीवर पिसांची झूल. झुलार मनातून खूश झाला की त्याची पिसं आपोआप फुलतात आणि त्यांतून मऊ उजेड पडतो. पाखऱ्याची पिसं मात्र मिटलेली होती. त्यांच्यावर कस्तुराने बारीक आरसे शिवून घेतले होते. मशालींच्या प्रकाशात ते चमकायचे. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नसे.

त्या मुलखात एकट्याने नाचायची रीत नव्हती. नाचणाऱ्याबरोबर कुणीतरी मुकं जनावर हवंच. कुणी पाण्यावर चालणारं उदमांजर आणी, कुणी सशासारखं उड्या मारणारं हरीण. दर शरदात सातकळस नगरीत चढाओढ लागे आणि जिंकणाऱ्या जोडीची मिरवणूक निघे. कस्तुराने अशा मिरवणुका लागोपाठ पाहिल्या होत्या, त्यांच्या मधोमध बसून.

नियम एकच कडक होता. ज्याचा जोडीदार सलग दोन शरदांत चौथऱ्यावर बसला, त्याच्याकडून जोडीदार काढून घेत आणि रानात सोडून देत.

पाखऱ्या एकदा बसला होता.

“तुमच्याकडे काहीतरी असेल ना?” कस्तुराचा आवाज आता उतरला. “एखादी शीळ… एखादी खूण… तुम्ही झुलार घेऊनच नाचायचात म्हणे. तुमचा कधीच बसला नाही म्हणे.”

“बसायचा की. चांगला पाय पसरून बसायचा.”

“चौथऱ्यावर?”

“तिथे कसा बसेल? तिथे त्याला काम असायचं.”

कस्तुराला यातलं काही उमगलं नाही. भिवराईने टोपली तिच्या हातात दिली.

“हे आत ठेव. आणि त्याच्या अंगावरचे ते आरसे काढ.”

“ते शिवायला अख्खा महिना गेलाय, आई.”

“काढायला तेवढा नाही लागायचा.”

कस्तुरा फणकाऱ्याने वळली. पण लांबचा डोंगर चढून आली होती, परत जाण्यासारखं तोंड नव्हतं. करंजाखाली बसून तिने एकेक टाका उसवला. दोरा जिथे आवळला होता, तिथली पिसं मुळापासून मुडपली होती. ती तिने बोटांनी सरळ केली. हात जरा हलका झाला.

शेवटचा आरसा निघाला तसं पाखऱ्याने सगळं अंग झडझडून घेतलं आणि तो मुकाट्याने कुरणात चरायला गेला.

“आता नाच,” भिवराई म्हणाली.

“थांबा, त्याला बोलावते.”

“चरू दे त्याला. तू नाच.”

कस्तुराने पदर खोचला. मागच्या शरदात हरल्याची सगळी चीड पायांत उतरली. अंगणातली धूळ उडाली, गिरक्यांवर गिरक्या झाल्या, हाताची बोटंसुद्धा एकेक अक्षर लिहावं तशी वळली. कुठे श्वास घ्यायला उसंत नाही, कुठे नजर टेकायला रिकामी जागा नाही. शेवटची गिरकी घेऊन ती थांबली तेव्हा वाराही थांबल्यासारखा वाटला.

भिवराईच्या डोळ्यांत पाणी होतं.

“वा गं पोरी, वा! डोळ्यांचं पारणं फेडलंस.”

कस्तुराच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग चढला.

“कुठे काही कमी वाटलं?”

“छे. काठोकाठ भरलेला. कणभर कमी नाही.”

“खरंच?”

“अगदी खरं.” भिवराईने डोळे पुसले. “मग त्याला कशाला नेतेस?”

…

कस्तुराकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असे. पंचांना, हरलेल्यांना, मत्सर करणाऱ्यांना. आता ती खोचलेला पदर सोडून उगाच पुन्हा खोचू लागली.

“तो… माझ्याबरोबर असतो.”

“कुठे?”

“म्हणजे काय कुठे? माझ्या शेजारी. मी जशी फिरते, तसा फिरतो. मी शिकवलंय त्याला.”

“हो. पाहिलंय मी. सावलीपण तशीच फिरते.”

कस्तुराने मान फिरवली. लांब कुरणात पाखऱ्या गवत ओरबाडत होता. त्याचा आवाज इथवर येत होता. तिला एकदम रडू फुटलं. रागाचं की कशाचं, ते तिलाही कळलं नाही.

भिवराई गुडघ्यावर हात देऊन उठली.

“बघ हं. हसू नकोस.”

आणि ती म्हातारी नाचू लागली.

पहिल्यांदा कस्तुराला तिची कीवच आली. काय तो नाच! एक पाऊल टाकलं, थांबली. अर्धी वळली, उरलेली वळलीच नाही. हात वर गेला आणि तिथेच राहिला, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा. खाली खांदा कुणाचाच नव्हता. मग बाजूला बघून हसली. बाजूलाही कुणी नव्हतं. सातकळसला असं कुणी नाचलं असतं तर लोकांनी शिट्ट्या मारून उतरवलं असतं.

‘अर्धाच नाच,’ कस्तुराच्या मनात आलं.

तेवढ्यात गवत ओरबाडण्याचा आवाज थांबला.

पाखऱ्याने मान वर केली होती. तोंडातला घास तसाच. तो बघत राहिला… बघत राहिला. मग चालत आला. घाईने नाही, बोलावल्यासारखाही नाही. कुंपणाच्या फटीतून आत आला आणि त्या अधांतरी हाताखाली त्याने आपली मान आणून ठेवली.

म्हातारीने उरलेली गिरकी घेतली. ती आता अर्धी नव्हती.

पाखऱ्याच्या खांद्यावरचं एक पीस उभं राहिलं. मग दुसरं. मग उजेड पाठीवरून शेपटीकडे सांडत गेला. भर दुपारच्या उन्हातही तो दिसला.

कस्तुराने तो उजेड फार वर्षांनी पाहिला. पाखऱ्या पिल्लू होता आणि ती परकरात होती, तेव्हा नदीच्या वाळूत दोघं नुसती बागडायची. तेव्हा हा उजेड रोज असायचा. कधीपासून बंद झाला, ते तिला आठवेना. चढाओढीच्या धांदलीत तिने ते पाहिलंच नव्हतं.

भिवराई खोकत, हसत खाली बसली.

“गुडघे गेले माझे. आता तू.”

कस्तुरा तिथेच राहिली. उन्हाळा सरला, पावसाळा सरला.

नाच बसवायला तिला कधी जड गेलं नव्हतं. काढायला जड गेलं. आज एक गिरकी काढली की उद्या तिच्या जागी दुसरं काहीतरी आपसूक येऊन बसे. रिकामा हात तिला सोसवेना. बोटं वळवळत. तिने हात रिकामा ठेवलाच, तर पाखऱ्या कधी यायचा, कधी नाही. एकदा तर ती हात पुढे करून ताटकळत उभी आणि तो फुलपाखरामागे पार ओढ्यापलीकडे. भिवराई हसून हसून लोळली. कस्तुरालाही शेवटी हसू आलं.

भिवराई फारसं शिकवत नसे. एकदाच म्हणाली, “तो येईलच, असं धरून जागा ठेवू नकोस.”

“मग काय धरून ठेवू?”

“काही धरू नकोस. नुसती ठेव.”

शरद आला. कस्तुरा आणि पाखऱ्या डोंगर उतरून सातकळसला गेली.

चौथऱ्याभोवती माणसांची दाटी. मागच्या शरदात जिंकलेला हैबत पुढेच उभा होता, त्याचं उदमांजर खांद्यावर. आरशांशिवायचा पाखऱ्या बघून कुणीतरी म्हणालं, “दिवस फिरले बाईचे.”

ढोलकी सुरू झाली. पहिली काही आवर्तनं छान गेली. कस्तुराने हात वर नेला, पाखऱ्या आला. पिसं हलकी उमलली. लोक पुढे सरसावले.

मग पाखऱ्या थांबला.

मागच्या वेळी थांबला होता तसाच, मधोमध. गर्दीकडे बघून त्याची मान थरथरली आणि पुढचे पाय दुमडायला लागले. खाली टेकला की संपलं. रानाची वाट.

लोकांनी श्वास रोखले. ढोलकीवाल्याचा हात हवेत राहिला.

कस्तुराच्या ओठांवर दटावणी आली होती. जुनीच, जिभेच्या टोकावरची. तिने पाखऱ्याचे डोळे पाहिले. तो अडून बसत नव्हता. तो घाबरला होता. मागच्या वेळीही घाबरलाच असेल. तेव्हा ती गिरकीत होती, तिने पाहिलंच नव्हतं.

आणि कस्तुरा खाली बसली.

पाखऱ्या टेकायच्या आधी. चौथऱ्यावर सरळ मांडी घालून.

जोडीदार बसला तर काय करायचं, ते नियमात होतं. नाचणारीच बसली तर काय, हे पंचांच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. ते एकमेकांकडे बघत राहिले.

पाखऱ्याने अर्धे दुमडलेले पाय तसेच ठेवून तिच्याकडे पाहिलं. गर्दी आता त्याच्याकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. ती मात्र त्याच्याकडे बघत होती, नदीकाठच्या वाळूत बसून बघायची तशी.

त्याचे पाय हळूहळू सरळ झाले.

त्याने तिच्याभोवती एक फेरी घातली. मग एक उडी. मग मान झोकून अशी काही गिरकी, जी तिने त्याला कधीच शिकवली नव्हती. ढोलकीवाल्याने मनानेच ठेका धरला. पिसं सगळी फुलली. मशाली फिक्या पडल्या. चौथऱ्याच्या मधोमध कस्तुरा बसून होती, मांडीवर हात, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू.

निकाल व्हायचा तो झाला. पंचांनी बराच काथ्याकूट केला आणि हैबतला पहिला ठरवला. “नर्तकी बसल्याने जोडी मोजता येत नाही,” असं कारण दिलं. पण झुलार बसला नव्हता. तो कस्तुराचाच राहिला.

परतीच्या वाटेवर सर येऊन गेली होती. ओढ्यापासून भिवराईच्या दारापर्यंत नुसता चिखल. दोघं गुडघ्यांपर्यंत माखून पोचली.

भिवराई ओसरीवर घोंगडी पांघरून बसली होती.

“कोण जिंकलं?”

“हैबत.”

“चांगला नाचला असेल.”

“कुणास ठाऊक. मी पाखऱ्याला चारा घालत होते, बघायचं राहूनच गेलं.”

म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या.

चढाओढीहून आलं की आधी गुरूचे पाय धुवायचे, ही तिथली रीत. कस्तुराने घाईने आपले पाय खंगाळले, चुलीवरचं ऊन पाणी तांब्याच्या घंगाळात ओतलं, खांद्यावर पंचा टाकला आणि भिवराईसमोर गुडघे टेकले.

“आई, पाय पुढे घ्या.”

भिवराईने पाय घोंगडीत ओढून घेतले.

“आई…?”

“माझे पाय कोरडे आहेत गं. गुरू बाहेर चिखलात उभा आहे.”