हद्दीचे दगड

“मग घेऊ की नको? एवढंच सांगा, अण्णा.”

अण्णा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी दाणा तोंडात टाकला, टरफल सुपात टाकलं आणि विचारलं,

“जमिनीवर बसून आलास?”

“आलो.”

“कोण भेटलं?”

“कुणीच नाही.”

“मग बसला नाहीस.”

हसावं की रडावं, निनादला कळेना.

पोरगा यंदाच पुण्याहून पदवी घेऊन आला होता. बरोबरीचे नोकरीचे अर्ज भरत होते, तेव्हा हा सातबारा वाचायला शिकला. गुंतवणुकीवरचे झाडून सगळे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपण हुशार आणि कष्टाळू आहोत हे तो एक क्षणही विसरत नव्हता.

वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी निवृत्तीचे पैसे मुलाच्या स्वाधीन केले आणि म्हणाले, तुला कळतंय ना, मग लाव. त्यामुळे ही पहिली जमीन चुकली असती तर नुसती जमीन चुकणार नव्हती. रोज समोरासमोर जेवायला बसणाऱ्या बापाला तोंड दाखवणं अवघड झालं असतं.

म्हणून तो खडकेवाडीला अण्णा कदमांकडे आला होता.

अण्णांनी उभ्या तालुक्यात जमिनी घेतल्या, विकल्या, आणि त्यापायी कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत. आता थकले होते, काठीशिवाय उठवत नव्हतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत. घ्यायच्या आधी त्या जमिनीवर दिवसभर बसायचं. भाकरी बांधून न्यायची, बाकी काही करायचं नाही. हे ऐकून बरेच जण पुन्हा फिरकतच नसत.

निनाद बसला होता, ही गोष्ट खरी. मोठी छत्री रोवून, कानात इअरफोन घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

जागाच तशी होती. खडकेवाडीची वाट नव्या बायपासला मिळते, नेमका त्या कोपऱ्यावरचा प्लॉट. कोपऱ्यात हद्दीच्या दगडांचा एक ढीग होता, त्यावर बसून त्यानं सँडविच खाल्लं होतं. मग ढिगावर एक पाय ठेवून फोटो काढला आणि ‘पहिलं पाऊल’ असं लिहून सगळ्या मित्रांना पाठवला. नकाशाही त्यानं स्वतःच काढला. कोपऱ्यात फाटक, फाटकालगत दोन दुकानं, मागं गोडाऊन.

जमिनीचे मालक गायकवाड संध्याकाळपर्यंत इसाराच्या आगाऊ रकमेसाठी थांबणार होते. त्यानंतर शहरातलं दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं.

“कागद स्वच्छ आहेत, अण्णा. वकिलांनी पाहिलेत. भाव वाढणारच आहे. मग अडलंय कुठं?”

अण्णांनी सूप बाजूला सारलं. खुंटीवरची टोपी घातली, खांद्यावर पंचा टाकला, काठी घेतली.

“चल. आज मी येतो.”

निनादला हायसं वाटलं. म्हाताऱ्यानं एकदा डोळ्यांनी जागा पाहिली की प्रश्नच मिटला, असं त्याला वाटलं.

पण अण्णा बायपासकडे वळलेच नाहीत. ते वरच्या आळीला वळले.

तिथं एका घरापुढं माणसं गोळा झाली होती. दारात बांबू आडवे पडले होते आणि एक जण सुतळीनं तिरडी बांधत होता. वाडीतली हौसाबाई पहाटे गेली होती.

निनाद जागच्या जागी थबकला. व्यवहाराच्या दिवशी हे कशाला, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं.

“अण्णा... मला आज इसार द्यायचाय.”

“दे की. हौसाक्का काही तुझा इसार घेऊन चालली नाही.”

निनाद उन्हात उभा राहिला. घड्याळ पाहायची त्याला लाज वाटली, तरी त्यानं ते पाहिलं.

तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा एकानं त्याच्याकडे वळून विचारलं,

“पाव्हणं, उंचीला बराबर बसताय. खांदा देता का?”

निनादनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा दुसरीकडेच बघत होते.

त्यानं बॅग पाठीवर घट्ट केली आणि खांदा दिला. जन्मात पहिल्यांदाच. आजोबा गेले तेव्हा त्याची परीक्षा होती आणि घरच्यांनी त्याला दोन दिवसांनी कळवलं होतं. बांबू खांद्यात रुतला. हौसाबाईला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, पण तिचं ओझं नीट न्यायचं, एवढं एकच त्याच्या मनात राहिलं. वेळेचं तो खरंच विसरला.

पुढं हौसाबाईचा मुलगा सोपान मडकं धरून चालला होता. वाडी मागं पडली. बायपास दिसायला लागला, आणि सोपान थांबला.

“विसावा,” कुणीतरी हळूच म्हणालं.

तिरडी खाली टेकवली. पुढचे खांदेकरी मागं गेले, मागचे पुढं आले. सोपाननं भाताचा घास मातीवर ठेवला. मग वाकून एक दगड उचलला आणि शेजारच्या ढिगावर ठेवला...

निनादनं ढिगाकडे पाहिलं. मग बायपासकडे पाहिलं. मग पुन्हा ढिगाकडे.

तिरडी टेकली होती ती नेमकी त्याच्या फाटकात.

ते हद्दीचे दगड नव्हतेच. वाडीतलं जे जे माणूस या वाटेनं गेलं, त्याच्या नावाचा एकेक दगड तिथं ठेवलेला होता. यांच्यावर पाय ठेवून आपण फोटो काढला, हे आठवून त्याचा चेहरा कानापर्यंत तापला. जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं असं त्याला झालं. त्यानं खाली वाकून एक दगड शोधला आणि दोन्ही हातांनी ढिगावर ठेवला.

तिरडी पुन्हा उचलली गेली.

सगळं उरकून, ओढ्यावर हातपाय धुऊन माणसं परतली तेव्हा एक म्हातारा निनादच्या बरोबरीनं चालू लागला.

“मागं छत्री लावून बसला हुता, ते तुमीच न्हवं?”

“हो.”

“आमची सून च्या घिऊन आली हुती तुमच्यासाठी. लय हाका मारल्या तिनं. कानात कायबाय घातलं हुतं तुमी.”

तिला माझा नमस्कार सांगा, एवढंच निनाद पुटपुटला. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि वाडीची वाट धरली.

कोपऱ्यावर येऊन अण्णा काठी टेकून ढिगाशेजारी मातीत बसले. निनादही बसला. बायपासवरून एक ट्रक गेला, मग एक दूधवाला गेला. दूधवाल्यानं ढिगाशी येताच मोटारसायकल हळू केली, कपाळाला हात लावला आणि मग तो पुढं गेला.

आज निनादला तो दिसला.

“गायकवाडांना नाही म्हणून कळवतो,” तो शेवटी म्हणाला.

“का?”

“कोपऱ्यालाच तर किंमत होती, अण्णा. इथं आता फाटक कसं घालू?”

अण्णा काठीनं मातीत रेघ ओढत राहिले.

“तुम्ही तर याच वाडीतले. तुम्हाला ठाऊक होतं. आधीच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू भाव पाडून मागितला असतास.”

अगदी तेच केलं असतं निनादनं.

अण्णांनी हात पुढं केला.

“नकाशा.”

त्यानं बॅगेतून नकाशा काढून दिला. अण्णांनी तो गुडघ्यावर पसरला, डोळे बारीक करून नीट पाहिला. मग फाटकाचा कोपरा चिमटीत धरला आणि शांतपणे फाडून घेतला. उरलेला कागद निनादच्या हातात ठेवला.

निनाद त्या कागदाकडे बघत राहिला. फाटलेला तुकडा जेमतेम तळहाताएवढा होता. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. दुकानं पलीकडे सरकवता येत होती, फाटक वाडीच्या वाटेकडून निघत होतं. गोडाऊनला तर धक्काही लागत नव्हता. इतके दिवस आपण हे मांडूनच पाहिलं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

“घेतो, अण्णा. ठरलेल्या भावानंच घेतो. आणि इसारपावतीतच लिहून देतो, हा कोपरा कायम मोकळा राहील. वर भिंत नाही, कुंपण नाही.”

“आधी आंघोळ कर. गायकवाड जुन्या वळणाचा आहे, असाच गेलास तर दारातून परत पाठवील.”

निनाद हसला. उठला, पॅन्टची माती झटकली आणि हात पुढं केला.

“तो तुकडाही द्या. चिकटवून ठेवतो, नकाशा पुरा असलेला बरा.”

अण्णांनी दगडांच्या ढिगाकडे पाहत तुकड्याची घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

“हा माझ्याकडं राहू दे. मला लागणार आहे.”