चेंडू कुठे गेला?

एकदा एका फरशीच्या व्यापाऱ्याला एका आकड्याने झपाटलं. तो आकडा होता बावीस.

व्यापाऱ्याचं नाव पद्माकरशेठ. गावाबाहेरच्या माळावर गोल्फचं मैदान होतं आणि पंचेचाळिशी उलटल्यावर शेठना त्या खेळाची गोडी लागली होती. गोल्फमध्ये प्रत्येक हौशी खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो. त्याला हँडिकॅप म्हणतात. मैदानावरच्या अठरा खड्ड्यांची फेरी बहात्तर फटक्यांत संपावी अशी अपेक्षा असेल आणि तुम्हाला साधारण बावीस फटके जास्त लागत असतील, तर तुमचा हँडिकॅप बावीस. खेळ सुधारला की आकडा उतरतो.

शेठना तो अठरावर आणायचा होता, आणि तोही जानेवारीच्या आत. त्यांची मुलगी ऋजुता त्याच मैदानावर लहानाची मोठी झाली होती. तिचा हँडिकॅप नऊ. क्लबमध्ये दर जानेवारीत जोडीची स्पर्धा होई आणि जोडीतल्या कुणाचाही आकडा अठराच्या वर चालत नसे. बाप-लेक दरवर्षी म्हणत, पुढच्या वर्षी आपण दोघं उतरू. आता फेब्रुवारीत ऋजुता नोकरीसाठी परदेशी जायची होती. पुढचं वर्ष म्हणून काही उरलंच नव्हतं.

शेठनी सरावाचा सपाटा लावला. सकाळी दुकान उघडण्याआधी तीन टोपल्या चेंडू मारायचे, संध्याकाळी दोन. नवी काठी मागवली. ती आवडली नाही म्हणून आणखी एक मागवली. जेवताना मोबाइलवर फटक्यांचे व्हिडिओ बघायचे. गिऱ्हाइकासमोर उभं असताना हात आपोआप हवेत काठी फिरवायचे. गिऱ्हाईक बिचारं मागे सरकायचं.

दीड महिन्याने क्लबने नवा आकडा लावला. तेवीस.

शेठचा स्वभावच अस्वस्थ. ट्रक निघाला की ड्रायव्हरला तासात चार फोन. विक्रेत्याला गिऱ्हाईक सोपवलं की दोन मिनिटांत त्याच्या खांद्यावरून डोकवायचं. ऋजुता दहावीला असताना परीक्षेच्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले होते, शिपायाने हात धरून बाहेर काढलं. मैदानावरही तेच. काठी चेंडूला लागते न लागते तोच मान वर. डोळे आकाशात, आणि तोंडी एकच प्रश्न, “कुठे गेला? कुठे गेला?”

त्यांच्याबरोबर खेळणारे निवृत्त बँक अधिकारी देवधर एकदा म्हणाले, “शेठ, चेंडूच आहे तो. तुमची उधारी बुडवून पळालेला नाही.” सगळे हसले. शेठही हसले, पण त्या संध्याकाळी दोनऐवजी चार टोपल्या मारल्या.

शेवटी ऋजुतानेच सुचवलं, “बाबा, तुम्ही लहानूआबांना विचारा.”

लहानूआबा म्हणजे क्लबमधले सर्वांत जुने आगेवाले. खेळाडूच्या पुढे दोनशे पावलांवर उभं राहायचं, चेंडू कुठे पडतो ते बघायचं आणि झेंडी वर करून जागा दाखवायची, हे आगेवाल्याचं काम. आबांनी ते चाळीस वर्षं केलं होतं. आता वय झाल्यामुळे ते बहुधा चहाच्या टपरीजवळ बसून असत. ऋजुताला लहानपणी काठी धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

शेठ गेले. सगळं सांगितलं, कारणासकट. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, येतो मी, पण माझी एक अट आहे.

अट चमत्कारिक होती. गोल्फचा फटका मारला की पुष्कळदा काठीच्या पात्याबरोबर मातीसकट गवताचा एक तुकडा उडतो. तो उचलून पुन्हा खाचेत बसवायचा आणि पायाने दाबायचा, अशी खेळाची रीत आहे. बहुतेक लोक ते काम बरोबरच्या माणसावर सोडतात. आबांचं म्हणणं असं, की शेठनी फटका मारल्यावर तो तुकडा स्वतः उचलायचा, स्वतः बसवायचा आणि दाबायचा. तोवर मान वर करायची नाही. चेंडू कुठे गेला, हेही विचारायचं नाही.

“आणि चेंडू?” शेठनी विचारलं.

“बघणं माझं काम. तुमचं मारायचं.”

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. शेठना एक गोष्ट विचित्र वाटली. आगेवाला असून आबा पुढे जाऊन उभे राहत नव्हते. शेठच्या बाजूलाच, चार पावलांवर, काठीवर हनुवटी टेकून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, इथून बरं दिसतं.

पहिले पंधरा दिवस शेठच्या जिवाची नुसती तगमग झाली. फटका मारायचा आणि खाली बघत राहायचं. चेंडू हवेत असेल, झाडीत गेला असेल, पाण्यात पडला असेल, आणि आपण इथे मातीत बोटं घालून गवत बसवतोय. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. एकदोनदा त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून चोरून बघितलं. दोन्ही वेळा आबा शांतपणे म्हणाले, “बघितलंत.” शेठना कळेना, यांना समजतं कसं. आबांची नजर तर त्यांच्या बुटांवर होती.

घरीही ती तगमग जाईना. ऋजुताच्या व्हिसाचे कागद पाठवून झाले होते, तरी ते दिवसातून तीनदा विचारायचे, काही आलं का. ती म्हणायची, आलं की तुम्हालाच आधी सांगेन. एकदा तिने हसून विचारलं, “आबांना असं विचारता का हो?” 

हळूहळू मात्र काहीतरी बदललं. आबांनी दाखवायचं आणि शेठनी चालत जायचं, की चेंडू तिथे असायचा. कधी दहा पावलं इकडे, कधी तिकडे, पण बहुधा असायचा. आणि तो आता झाडीत कमी सापडायचा, मोकळ्या हिरवळीवर जास्त. नोव्हेंबरमध्ये आकडा एकवीस झाला. डिसेंबरच्या मध्याला एकोणीस. देवधर म्हणाले, शेठ, तुमच्या मानेला कुणी लगाम बांधला का. शेठनी आबांकडे बोट दाखवलं.

स्पर्धेच्या नावनोंदणीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशीची फेरी ब्याण्णव फटक्यांत संपली, तर आकडा अठरावर येणार होता. देवधर बरोबर खेळत होते आणि शेठचे फटके मांडत होते. ऋजुता शेवटच्या खड्ड्याभोवतीच्या हिरवळीजवळ येऊन थांबली होती.

सतरा खड्डे झाले तेव्हा सत्याऐंशी फटके झाले होते. एक खड्डा उरला आणि पाच फटके उरले. पहिला फटका सुरेख बसला. शेठ चेंडूपाशी पोहोचले. लांबवर हिरवळीवरचं निशाण दिसत होतं आणि निशाणाशेजारी ऋजुताची पिवळी ओढणी. आता फक्त हा एक फटका नीट बसला, की पुढचे तीन सहज होते. त्यांनी काठी उचलली. मनात ब्याण्णव हा आकडा घुमत होता. काठी खाली आली, आणि पातं चेंडूपर्यंत पोहोचायच्या आतच शेठची मान वर झाली.

“तिकडे! त्या बाभळीखाली!” ते ओरडले. “मी बघितला. माझ्या डोळ्यांनी बघितला.”

आबा खाली उखडलेल्या गवताकडे बघत होते. म्हणाले, “बाभळीकडे नाही शेठ. डावीकडे, कोरड्या चराच्या अलीकडे बघा.”

पण शेठ बाभळीकडे धावलेही होते. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. ती तीन मिनिटं शेठनी बाभळीखालचं गवत उपसण्यात घालवली. काटे हाताला लागले, सदरा फाटला. देवधरांनी घड्याळ बघून जड आवाजात सांगितलं, वेळ संपली. मागे जाऊन, दंडाचा एक फटका सोसून शेठ पुन्हा खेळले. त्या खड्ड्याला सात फटके लागले. बेरीज चौऱ्याण्णव झाली.

परत येताना ते चराजवळून गेले. चराच्या अलीकडे, मोकळ्या गवतात, त्यांचा चेंडू होता. तिथून तो सहज खेळता आला असता.

शेठनी चेंडू उचलला आणि आबांपुढे धरला.  ते म्हणाले, आबा, तुम्हाला दिसलं होतं तर माझा दंड धरून ओढत न्यायचं होतं मला. माझ्या मुलीबरोबरची शेवटची संधी होती ही.

आबा म्हणाले, “मला दिसला नाही, शेठ. दोन वर्षं झाली, नजर अधू आहे. पन्नास पावलांपलीकडे मला नुसतं धुकं दिसतं.”

शेठना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ऋजुता तोवर जवळ आली होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला हे ठाऊक होतं.

“म्हणजे चार महिने तुम्ही काहीच बघत नव्हता? मला म्हणालात, बघणं माझं काम.”

“बघत होतो की. चेंडूकडे नव्हतो बघत, तुमच्याकडे बघत होतो.” आबांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. “काठीने गवत कोणत्या बाजूला कापलं, आवाज भरीव आला की पोकळ, तुमचा खांदा कुठे वळला, एवढं कळलं की चेंडू कुठे गेला ते सांगता येतं. तो कुठे पडणार हे मारतानाच ठरलेलं असतं. वर बघून त्यात तसूभर फरक पडत नाही. फरक पडतो तो फटक्यात, कारण तुम्ही तो पुरा व्हायच्या आधीच सोडून बघायला निघता. आणि एवढी घाई करून जे दिसतं, तेही खरं नसतं. तुमचे डोळे धडधाकट आहेत. आज बाभळीखाली कुणी बघितला चेंडू?”

शेठनी बाभळीकडे बघितलं, मग हातातल्या चेंडूकडे.

आबा जरा हलक्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला नुसतं मान खाली ठेवा म्हणालो असतो, तर ठेवली नसतीत. माणसाला वाटलं पाहिजे, की पुढे आपलं कुणीतरी बघतंय. मग तो हातातलं काम नीट करतो. म्हणून म्हणालो, मी बघतो.”

नावनोंदणी रात्री बंद व्हायची होती. शेठचा आकडा एकोणीसच राहिला.  घरी जाताना गाडीत ऋजुता म्हणाली की ती यंदा खेळणारच नाही. शेठनी पहिल्यांदाच ठामपणे तिला नाही म्हटलं. तिने क्लबमधल्या डॉक्टर शिरीन यांच्याबरोबर आजच नाव द्यावं, त्यांना जोडीदार नाही, असं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लबच्या कचेरीत गेले व स्पर्धेसाठी आगेवाले कमी पडताहेत का, अशी चौकशी केली.

स्पर्धेच्या दिवशी अकराव्या खड्ड्यापाशी, ओढ्याच्या पलीकडे, फरशीचे व्यापारी पद्माकरशेठ डोक्याला रुमाल बांधून, हातात लाल झेंडी घेऊन उभे होते. देवधर जाताना म्हणाले, दुकान उघडं आहे ना हो. शेठ म्हणाले, असेल.

दहाच्या सुमाराला ऋजुता समोरच्या काठावर आली. एवढ्या लांबून ती बोटाएवढी दिसत होती.  ओरडून सांगावं, वारा उजवीकडून आहे, असं ओठांवर आलं. त्यांनी झेंडीची दांडी घट्ट धरली.

तिने फटका मारला. चेंडू ओढ्यावरून उंच आला, क्षणभर आकाशात दिसेनासा झाला आणि शेठपासून वीसेक पावलांवर टप्पकन पडला. शेठनी झेंडी वर केली. हात पुरा ताणून, टाचा उचलून केली. मग त्यांनी लेकीकडे बघितलं.

तिने वर बघितलंच नव्हतं. ती खाली वाकली होती. गवताचा तुकडा उचलून तिने जागी ठेवला, पायाने दाबला, पुन्हा एकदा दाबला. मग सावकाश मान उचलली, झेंडी कुठे आहे ते बघितलं आणि चालू लागली.

शेठची झेंडी त्यानंतरही कितीतरी वेळ वरच होती.

फेब्रुवारीत दुपारचं विमान होतं. विमानतळाच्या दाराशी ऋजुता पाया पडली, सामान उचललं आणि आत गेली. आजूबाजूची माणसं काचेला नाक लावून उभी होती. शेठचे पाय त्या काचेकडे वळले, आणि थांबले. सामानाची रिकामी ढकलगाडी रस्त्यातच राहिली होती. त्यांनी ती नेऊन रांगेतल्या इतर गाड्यांत बसवली. ती नीट अडकेना. दोनदा मागे घेऊन पुन्हा लावली. खिशातल्या फोनकडे हात गेला आणि रिकामाच परत आला. गाडी जागी बसली तेव्हा त्यांनी मान वर केली. काचेपलीकडे ऋजुता दिसत नव्हती. ती पुढे गेली होती.

आपल्या हातून सुटणारं जे काही असेल, ते सुटेपर्यंत आपली नजर हातातल्या कामावर राहिली, की ते कुठे जाऊन पडेल तिकडे, एवढंच ज्याने त्याने रात्री निजण्यापूर्वी स्वतःला विचारावं.