गेनूच्या पायातले वाळे

एका गावात एक कुंभारीण होती, द्वारका नावाची. तिच्या लहानग्या गेनूला ताप भरला. डोळे लाल झाले, अंगभर पुरळ उठलं. सासूने एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं, "गोवर आहे. देवी आलीय घरात."

झालं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, चाक बंद. औषध द्यायचं नाही, पोराला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. माणसांचं हे असंच असतं. दुखण्याला नाव मिळालं की पुढं बघायचंच सोडून देतात.

द्वारका मात्र बघत राहिली. थोरल्या लेकीचा गोवर तिने काढला होता. तिचं नाक गळायचं, खोकला थांबत नव्हता. गेनूला खोकला नव्हता. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ लालभडक, मानेला एका बाजूला गाठ.

पाच-सहा दिवसांनी पुरळ मावळलं, डोळे निवळले. सासू म्हणाली, "निघाली बघ देवी."

"निघाली तर ताप कशाला ठेवून गेली, आत्याबाई?"

"तुला लई कळतं."

"कळत नाही म्हणूनच भ्या वाटतंय."

ती गेनूचे पाय पुसायला बसली. एरवी टाचेवरून सटकणारे वाळे आज हलेनात. पाय सुजले होते. तिने पोराला उचललं.

सासू दारात आडवी झाली. "डहाळा ओलांडलास आणि पोराचं काही झालं, तर तुझ्या माथी."

"असू दे माझ्या माथी. सरका."

तालुक्याच्या डॉक्टरांनी गेनूला उलटंपालटं करून पाहिलं. "अंगावर पुरळ तर दिसत नाही."

"आज नाही. होतं." आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, मावळलेलंसुद्धा.

डॉक्टर गंभीर झाले. "बाई, हा गोवर वाटत नाही. एका आजारात लेकरांच्या रक्ताच्या नळ्या सुजतात. हृदयाच्यासुद्धा. ताप आपोआप उतरला तरी हृदयाला कायमची इजा राहू शकते. आजच मोठ्या दवाखान्यात न्या."

तिने नेलं. तिथं हृदय तपासलं, शिरेतून औषध दिलं. ताप उतरला. हृदय वाचलं.

गेनू घरी आला तेव्हा वाळे पुन्हा सैल झाले होते, पण बोटांच्या टोकांची सालं निघत होती. सासूने त्याचा हात हातात घेऊन पाहिला. या दुखण्यालाही काहीतरी नाव द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विचारलं, "हे डॉक्टरला सांगितलंस का गं?"

तात्पर्य: न हटणाऱ्या तापाला घरबसल्या नाव देऊ नका. लेकराच्या अंगावर दिसलेली प्रत्येक खूण, मावळली असली तरी, वेळेत डॉक्टरांना सांगा.