मिठाशेजारची फोड

फार पूर्वी, घासातले कणही बोलत असत तेव्हा, मेथीच्या भाजीतला लोहकण ऐटीत ताटात उतरला. डावीकडे मिठाशेजारी बसलेल्या लिंबाच्या फोडीला तो म्हणाला, "तू नुसती शोभेची गं! रक्त तर माझीच वाट पाहतंय."

जेवण झाले. लहान आतड्याच्या दारी द्वारपालाने लोहकणाला अडवले. "या रूपात प्रवेश नाही!"

मागून अन्नाचा लोंढा रेटत होता. दार हुकले, तर थेट शरीराबाहेर! पलीकडून फिकट रक्त ओरडले, "अरे, ये ना लवकर!"

एवढ्यात एक आंबट धार धावत आली. तिचा स्पर्श होताच लोहकणाचे रूप पालटले आणि दार उघडले!

"आपण कोण, ताई?" त्याने आत शिरता शिरता विचारले.

"तीच, शोभेची!" धार हसली. "पळ आता, रक्त तुझ्यासाठी थांबलंय."