मांजरीची सांधलेली काठी

एका जंगलात, ओढा वळणावर येऊन जरा दम खातो अशा एका डोहाच्या काठी, एक मांजरी राहत असे. तिला मासे जिवापाड आवडत आणि पाणी मुळीच सोसत नसे. पंजाला दवाचा थेंब लागला तरी ती घटकाभर तो झटकत बसे. मासे तर खायचे आणि अंग तर भिजवायचे नाही, हा पेच जगातल्या सगळ्याच मांजरांपुढे असतो. या मांजरीने मात्र त्यावर तोड काढली होती. तिच्याजवळ भरीव वेळूची एक लांब, लवचीक काठी होती. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला गळ. कोरड्या खडकावर बसायचे, शेपटी पायांभोवती नीट गुंडाळायची आणि गळ टाकून डोळे अर्धे मिटायचे, असा तिचा संसार होता. डोह उन्हाळ्यात पार आटे. म्हणून तो आटायच्या आत ती मासे वाळवून ढोलीत भरून ठेवी, आणि त्यावर कडक उन्हाळा काढी.

एके सकाळी गळ पाण्याखालच्या मुळीत अडकला. दुसरे कोणी असते तर गुडघाभर पाण्यात उतरून त्याने तो अलगद सोडवला असता. मांजरीने पाण्याकडे पाहिले, आपल्या पंजाकडे पाहिले, आणि काठी ओढली. काठी वाकली. मांजरीने आणखी ओढली. काठी आणखी वाकली आणि मधोमध कडकन मोडली; त्या हिसक्याने गळ सुटला आणि टोकाकडचा तुकडा खडकावर येऊन पडला. मुलांनो, मोठ्या माशाशी झुंजताना काठी मोडली असती तर निदान सांगायला गोष्ट तरी झाली असती. ही काठी मोडली ती पाय भिजू नयेत म्हणून.

आवाज ऐकून कोल्हा आला. तो जवळच कुठेतरी असणारच, कारण कोणाचे काही मोडले की तो नेहमीच जवळ असे. त्याच्याकडे गळाच्या काठ्या होत्या, पण तो स्वतः कधी मासे धरत नसे. काठ्या तो अर्धेलीने देई: मासे धरणाऱ्याने धरायचे आणि निम्मे कोल्ह्याला द्यायचे. निम्मे म्हणजे कोणते, हे कोल्हा ठरवी, आणि मोठे मासे नेमके त्याच्या वाटणीत जात. मुंगसाने त्याची काठी घेतली होती. बिचारा दिवसभर डोहावर बसे आणि संध्याकाळी काटे चघळी.

"अरेरे, मावशी," कोल्हा म्हणाला, "काठी गेली वाटतं. आता कसं करणार?"

"सांधीन," मांजरी म्हणाली.

"सांध की. पण मोडलं ते मोडलं. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार? त्यापेक्षा माझी काठी घे. परक्यासारखं वागू नकोस."

"बघते," मांजरी म्हणाली. मुंगसाची दशा तिने डोळ्यांनी पाहिली होती.

नवा वेळू तोडून आणावा, तर हिरवा वेळू वाळून काठी व्हायला पावसाळा उजाडला असता. तेव्हा सांधण्यावाचून गत नव्हती, आणि सांधायला हाताशी होते काय? ढोलीतले मूठभर सुके मासे. तेवढ्यावर उन्हाळाही काढायचा होता. तिने ते मासे पानात बांधले आणि काठीचे दोन तुकडे तोंडात धरून ती साळिंदराकडे गेली. साळिंदर जंगलातली पडलेली हाडे, शिंगे, काटे गोळा करून ठेवी आणि ज्याला जे लागेल ते विकत असे. त्याने तुकडे न्याहाळले आणि जाड हाडाची एक नळी काढली.

"दोन्ही तुकडे नळीत घालायचे, वरून लाख ओतायची. झालं काम," तो म्हणाला.

"टिकेल ना?"

"ही जागा आता मोडायची नाही. हत्ती ओढू दे."

"किंमत जरा कमी नाही का होणार, दादा? हात आखडलाय."

"मावशी, माझे काटे बघ. माझ्याजवळ काही मऊ आहे का?"

मांजरीने सुकलेल्या माशांपैकी एक तेवढा मागे ठेवला आणि बाकीचे देऊन टाकले. पण काठी हातात आली तेव्हा तिचे मन भरून पावले. जिथे मोडली होती तिथे आता चांगला जाडजूड, दगडासारखा सांधा झाला होता. तो खडकावर आपटून पाहिला, तर खडकालाच लागले. आपण आता सुटलो, असे तिला अगदी मनापासून वाटले.

दुसऱ्या दिवशी गळाला एक बरा मासा लागला. काठीचे टोक वाकले, मुठीकडचा भाग वाकला, पण मधली नळी काही वाकेना. ती ताठच राहिली. तिच्या वाटचे वाकणे शेजारच्या वेळूवर येऊन पडले, आणि नळी संपते तिथे, अगदी तिच्या कडेला, काठी पुन्हा मोडली. टोकाकडचा तुकडा दोरीसकट डोहावर तरंगत राहिला. तो काठाला लागेपर्यंत मांजरी वाट पाहत बसली. तेवढ्यासाठीसुद्धा तिने पाय भिजवला नाही.

ती तरातरा साळिंदराकडे गेली.

"मोडली," ती म्हणाली.

"नळी मोडली?"

"नळी नाही. तिच्या शेजारी मोडली."

"मग माझं काय चुकलं?" साळिंदर म्हणाला. "ही जागा मोडायची नाही म्हणालो होतो. मोडली का? शेजारची जागा तू मला दाखवलीच नव्हतीस."

ते खरेच होते. मांजरीने तुकडे उचलले आणि ती निघाली. परत येताना वाटेत कोल्हा भेटला. त्याला सगळे कळलेच होते.

"उद्या सकाळी काठी घेऊन येतो," तो म्हणाला. "अर्धेलीचं ठरलं समज."

"उद्या बघू," मांजरी म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज खाली आला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर पाय कोल्ह्याचे धरायचे होते.

डोहावर वाकलेल्या बाभळीखाली येऊन ती पडून राहिली. बाभळीला सुगरणीचे घरटे लोंबत होते. दुपारी वारा सुटला. बाभळीची एक वाळलेली, जाड फांदी वाऱ्यात जराही न हलता उभी राहिली, मग एकदम तडकली आणि पाण्यात पडली. घरटे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके घेत होते. ज्या डहाळीला ते बांधले होते ती डहाळी बोटाएवढीच होती. तीही झुलत होती, आणि दोघांमधली गवताची वीणही झुलत होती. मांजरी उठून बसली.

"सुगरणबाई," तिने हाक मारली, "एवढ्या वाऱ्यात घरटं तुटत नाही कसं?"

"वाऱ्याशी भांडत बसायला मला सवड नाही," सुगरण आतूनच म्हणाली. "फांदी हलली की वीण हलते, वीण हलली की मी हलते. आणि तू वर कशाला बघतेस? माझी पिलं आहेत इथं."

"मला वाखाच्या धाग्यांना पीळ कसा देतात तेवढं दाखव. एक सुका मासा देईन."

"मासा ठेव तुलाच. वर बघणार नाहीस असं कबूल कर, मग दाखवते."

मांजरीने कबूल केले. ही किंमत साळिंदराच्या किमतीपेक्षा भारी होती, पण तिने ती चुकवली. पिलांची चिवचिव कानांवर पडत असताना ती मान खाली घालून शिकली.

मग तिने दात लावून नळीचा भाग कापून टाकला. उरलेल्या दोन तुकड्यांच्या टोकांना तिने आडवा नव्हे, तर लांबलचक तिरका काप घेतला, आणि दोन्ही काप एकमेकांवर असे बसवले की मधून काडीसुद्धा जाणार नाही. ओढ्याकाठी घायपात माजला होता. त्याची पाने ठेचून तिने वाख काढला. एक जुने पोळे झाडाखाली पडले होते. त्याचे मेण वाखाला चोळले. आणि मग सुगरणीने दाखवल्याप्रमाणे पीळ देत, वेढ्याला वेढा भिडवत तिने सांधा बांधला. सगळ्याला मिळून खर्च काहीच आला नाही. फक्त जिभेला घायपाताची चांगलीच खाज सुटली. सांधा काठीपेक्षा जेमतेम जाड झाला. वाकवून पाहिला, तर तोही वाकला. मांजरीला आधी भीती वाटली. मग बरे वाटले.

एक गोष्ट मात्र बिघडली होती. दोनदा मोडून आणि कापून काठी हातभर आखूड झाली होती. कोरड्या खडकावरून गळ आता खोल पाण्यात पोचेना.

सकाळी कोल्हा नवी काठी खांद्यावर टाकून आला आणि पाहतो तो काय, मांजरी पोटापर्यंत पाण्यात उभी! तिचे कान मागे पडले होते, मिशा थरथरत होत्या, आणि गळाला मोठी मरळ लागली होती. मरळ खाली गेली. काठी टोकापासून मुठीपर्यंत एका कमानीत वाकली, आणि सांधाही त्या कमानीत वाकला. कोल्हा कान टवकारून कडकन आवाज यायची वाट पाहत राहिला. आवाज आला नाही. मांजरी एकेक पाऊल मागे सरत काठावर आली, आणि तिच्यामागून मरळ आली.

कोल्ह्याने काठीभोवती एक फेरी मारली.

"मावशी, सांधा दिसतो हं काठीला," तो म्हणाला. "लांबूनसुद्धा दिसतो."

"दिसू दे," मांजरी म्हणाली. "तुला दिसतो, मला दिसतो. काठीला मात्र तो ठाऊक नाही."

कोल्हा आपली काठी घेऊन आल्या वाटेने गेला. मांजरीने मरळ सावलीत ठेवली आणि ती पंजे झटकायला बसली. ते काम दुपारपर्यंत चालले.

तात्पर्य : मोडलेले सांधताना ते दगडासारखे ताठ करू नये; जो सांधा इतरांबरोबर वाकतो, तोच टिकतो.