नीलारण्याचे तमोहरण

कृतयुग सरत आले होते, त्रेतायुगाची पहाट अजून नीट फुटली नव्हती, आणि माणसे दिलेल्या शब्दावर जितका विश्वास ठेवीत तितकाच ऐकलेल्या शब्दावरही ठेवीत, अशा त्या भाबड्या काळी मंदगा नदीच्या तीरावर शुभावती नावाची नगरी सुखाने नांदत होती. तिचा राजा प्रसन्नकेतू हा पराक्रमी, प्रजावत्सल आणि दानशूर होता. दोष म्हणून सांगायचा तर एवढाच की, सुंदर शब्द कानी पडला म्हणजे त्याची मान आपोआप डोलू लागे. राजाची मान डोलली की मंत्र्यांच्या माना डोलत, आणि मंत्र्यांच्या डोलल्या की सभेत न डोललेली मान शोधून सापडत नसे.

नगरीच्या उत्तरेस, मंदगेच्या उगमाभोवती, नीलारण्य पसरले होते. साल, अर्जुन, अंजन आणि ताम्हण यांची तिथे इतकी दाटी होती की, भर दुपारच्या सूर्यकिरणांनाही आत शिरताना पानापानाची विनवणी करावी लागे. त्या वनात होमधूमाने सुगंधित झालेला, निर्भय हरिणांच्या वावराने शोभणारा पर्णभूती ऋषींचा आश्रम होता. पर्णभूती वेदवेदांगपारंगत होते, तपोनिधी होते आणि भयंकर तापटही होते. ऋषी म्हटले की एवढे चालायचेच. त्यांची पत्नी ऋजुमती ही एका थोर वादविशारदाची कन्या. आपण पतीला वादात कधीही हरवत नाही, असे ती सर्वांना सांगे, आणि शिष्य ते ऐकून खाली मान घालून हसत.

या अरण्यापलीकडे, पर्वताच्या मागे, असुरांचा तळ होता. शुभावतीच्या धान्यकोठारांवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा; परंतु नीलारण्याच्या दाटीतून त्यांचे रथ पुढे सरकत नसत. तेव्हा ललितजिव्ह नावाच्या असुराने शस्त्र खाली ठेवले आणि घोर तप आरंभिले. ब्रह्मदेव प्रसन्न झाले. असुर म्हणाला, “हे पितामह, मला अमरत्व नको, वज्रदेह नको. माझ्या मुखाने ज्या कृत्याला जे नाव मिळेल, त्याच नावाच्या रूपात ते ऐकणाऱ्यांना दिसावे!” ब्रह्मदेवांना हा वर स्वस्तातला वाटला. ते ‘तथास्तु’ म्हणून मोकळे झाले. शेजारी उभी असलेली वाग्देवी मात्र असुराकडे पाहून मंद हसली, आणि तिला कारण विचारण्याचे कोणालाच सुचले नाही.

मग तो असुर भस्म लावून, शुभ्र उत्तरीय पांघरून, परदेशी पंडित म्हणून प्रसन्नकेतूच्या सभेत प्रकट झाला.

“राजन्!” तो गंभीर स्वरात म्हणाला, “तुझ्या राज्यात सर्व काही आहे. परंतु उत्तरेस अंधार आहे. सूर्यवंशाशी सोयरीक सांगणाऱ्या राजाच्या उशाशी अंधार! मी तुझ्यासाठी तमोहरण घेऊन आलो आहे. एकवार आज्ञा कर, आणि तुझी उत्तर दिशा उजळून निघेल!”

शब्द उच्चारला गेला आणि वर फळाला आला. सभेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उत्तरेकडून सोनेरी प्रकाशाचा लोट उसळला. त्यात झाड दिसेना, कुऱ्हाड दिसेना. सेनापतीने दिपून डोळ्यांवर हात घेतला, राजपुरोहिताने तर आनंदाने अर्घ्यच दिले. येत्या पौर्णिमेच्या सभेत आज्ञा द्यावी, असे ठरले.

वार्ता कळताच, उत्तरेचा अंधार दूर करायचा म्हणजे आपले वनच तोडायचे हे ओळखून, पर्णभूती तसेच निघाले, अर्धी संध्या टाकून निघाले, आणि सभेत शिरताच गर्जले, “हे प्रसन्नकेतो! हे तमोहरण तत्काळ थांबव! तमोहरण म्हणजे अधर्म आहे! मी आणि माझे शिष्य प्राण गेला तरी तमोहरण होऊ देणार नाही!”

सभेत कुजबुज उठली. एवढा मोठा ऋषी आणि अंधाराच्या बाजूने बोलतो! राजाने खेदाने मान हलवली. ललितजिव्ह हात जोडून अत्यंत मृदूपणे म्हणाला, “महर्षी, आपणांस प्रकाशाचे एवढे भय का?” ऋषी जितके चिडले तितक्या वेळा ‘तमोहरण’ म्हणाले, आणि जितक्या वेळा म्हणाले तितका सभेतला सोनेरी प्रकाश वाढत गेला. शेवटी द्वारपालांनी त्यांना आदराने, पण दंडाला धरून, बाहेर पोहोचवले.

आश्रमात परतल्यावर त्यांनी कमंडलू आपटला. “भस्म करतो! अख्खी सभा भस्म करतो!”

“करा हो,” ऋजुमती म्हणाली, “पण आधी चार घास खाऊन घ्या. आणि मला सांगा, तिथे जाऊन आपण बोललात तरी काय?”

ऋषींनी सांगितले. ऋजुमतीने कपाळाला हात लावला.

“अहो मुनिवर, त्याचाच शब्द घेऊन त्याच्याशी लढलात! आपण ‘तमोहरण नको’ म्हणालात, लोकांनी ऐकले ‘उजेड नको’. पूर्वपक्ष केलात का? माझे बाबा सांगत, खंडनाआधी प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडावे, आणि त्याने ‘एवमेव’, म्हणजे ‘असेच’, म्हटल्यावरच पुढे जावे. ते त्याला मान्य नसेल, तर त्याने स्वतः उलगडून सांगावे. उलगडून न सांगणाऱ्याचा प्रस्ताव पडतो. शुभावतीच्या सभेचाही हाच नियम आहे.”

“रागाच्या भरात राहून गेले,” ऋषी पुटपुटले. मग त्यांचा स्वर एकदम खाली आला. “ऋजू, हे वन गेले तर आपण जगायचे कसे? इथल्या प्रत्येक झाडाला मी नावाने हाक मारतो गं.” तिलाही भरून आले; तिने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “पौर्णिमेला मी बोलते.”

पौर्णिमेची सभा भरली. वनवासी, गवळी, नावाडी, नगरजन यांनी प्रांगण फुलून गेले. ऋजुमती वल्कले नीटनेटकी करून उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “राजन्, मी पूर्वपक्ष मांडते. या पंडितवर्यांचे म्हणणे असे की, नीलारण्यातली झाडे तोडावीत. पंडितवर्य, एवमेव?”

ललितजिव्ह हसला. “देवी, मी तमोहरण म्हणालो.”

“आपले म्हणणे मला कळले नसेल. तमोहरण म्हणजे काय?”

“तमोहरण म्हणजे आकाशदर्शन!”

तत्क्षणी सभेपुढचा प्रकाश विझला आणि तिथे निळेभोर आकाश दिसू लागले. लोकांनी वर पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले.

“आकाशदर्शन म्हणजे काय?”

“म्हणजे... भूमिविस्तार!”

आकाश गेले, सपाट मैदान आले. मागच्या रांगेतला एक जाडजूड गवळी म्हणाला, “अरेच्चा! हे आत्ता तर निळं होतं!” आणि हशा पिकला.

“भूमिविस्तार म्हणजे काय, पंडितवर्य?”

“मार्गमांगल्य!” असुराच्या कपाळावर घाम आला होता. मैदानात तोरणे उगवली. ऋजुमतीने तोंड उघडण्याआधीच सगळ्या प्रांगणाने एका सुरात विचारले, “म्हणजे काय?” नावाडी मांड्यांवर थापा मारू लागले, राजपुरोहितही उत्तरीयाआड हसू लागले. आणि आश्चर्य असे की, प्रसन्नकेतूची मान डोलायची थांबली होती.

“पंडितवर्य,” राजा म्हणाला, “नियम सर्वांना सारखा आहे. ऋषिपत्नींनी विचारले ते एवढेच: झाडे तोडायची की नाही तोडायची? नसतील तोडायची, तर वन जसेच्या तसे राहील आणि आपण सुखाने भोजनाला चलावे.”

असुराने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. त्या हशाने त्याचा संयम सुटला आणि तो ओरडला, “हो, हो! झाडे तोडायची! तोडल्याशिवाय आमचे रथ येणार कुठून?”

वर ब्रह्मदेवांचा होता, तो याही वेळी चुकला नाही. असुराच्याच मुखाने कृत्याला त्याचे खरे नाव मिळाले आणि सभेला सारे त्याच रूपात दिसले. शतकांचे साल कडाडून कोसळत होते, घरटी मातीत विखुरली होती, मंदगेच्या उघड्या पात्रात मासे तडफडत होते, आणि त्या बोडक्या वाटेवरून धूळ उडवीत असुरांचे रथ थेट धान्यकोठारांकडे येत होते. स्त्रियांनी लेकरे पोटाशी धरली. सेनापतीने तलवार उपसली. राजा सिंहासनावरून उतरून म्हणाला, “एकही पान तुटणार नाही!” त्यासरशी ते दृश्य मावळले, उत्तरेकडे हिरवेगार नीलारण्य उभेच्या उभे दिसले, आणि प्रांगणात असा जल्लोष उठला की आश्रमातली हरणे कान टवकारून उभी राहिली असतील. पर्णभूती सभामर्यादा विसरून नाचू लागले.

मग भानावर येऊन त्यांनी शापासाठी ओंजळीत पाणी घेतले. ऋजुमतीने त्यांचे मनगट धरले. “थांबा. त्याच्या घशाला कोरड पडलीय, ते पाणी त्याला द्या.” आणि खरोखरच, पंडिताचा वेश गळून पडलेला तो असुर जमिनीवर बसून ओठ चाटत होता. ऋषींनी कुरकुरत ओंजळ पुढे केली. तो घटाघटा प्याला.

त्याच वेळी वाग्देवी प्रकट झाली. “ललितजिव्हा,” ती म्हणाली, “पितामहांचा वर मला परत घेता येत नाही. तू यापुढे देहावाचून, सभासभांतल्या वक्त्यांच्या जिभेवर वस्ती करशील, आणि तुझे शब्द असेच झळाळतील. परंतु सभेतून कोणीही, राजा असो वा गवळी, उठून ‘म्हणजे काय?’ असे विचारील, त्याच्या कंठात मी असेन. आणि त्या प्रश्नासरशी तुझ्या घशाला आजच्यासारखी कोरड पडेल.”

असुर काकुळतीने म्हणाला, “माते, मग निदान पाण्याची तरी सोय कर!”

देवी खळखळून हसली आणि तेवढे तिने मान्य केले. म्हणूनच त्रिभुवनात जिथे जिथे सभा भरते आणि कोणी लोकांना काही पटवून द्यायला उभा राहतो, तिथे त्याच्या हाताशी पाण्याने भरलेला तांब्या ठेवण्याची रीत पडली.