शेपटीसाठी हत्ती वेशीबाहेर

करंजगडच्या उद्धवराजांनी सकाळी सकाळी हुकूम सोडला, "आजपासून आमच्या राज्यात 'खाना'नं संपणारा शब्द कुणी उच्चारायचा नाही! दवंडीच्या हलगीवर पहिला ठोका पडला, की हुकूम लागू. मग जो बोलेल तो वेशीबाहेर!"

हे खूळ त्यांच्या डोक्यात दरबारी पंडित त्र्यंबकशास्त्र्यांनी भरवलेलं. "महाराज, मुदपाकखाना, तोफखाना, जामदारखाना, हत्तीखाना... सगळ्यांच्या मागचं हे 'खाना' फारसी! तिकडे त्याचा अर्थ घर. परमुलखातून आलं नि आपल्याकडे ठाण मांडून बसलं!"

"मग स्वयंपाकघराला, तोफांच्या जागेला म्हणायचं काय?"

"नवे शब्द मी सवडीनं घडवीन, महाराज."

"आणि तोवर?"

"तोवर लोकांनी गप्प बसावं!"

दवंडीवाला रखमाजी हात जोडून उभा होता. तो चाचरत म्हणाला, "सरकार, कोणते शब्द बंद झाले ते लोकांना कळायला मला ते उच्चारावे लागतील की!"

"उच्चारलेस, तर वेशीबाहेर!"

"आणि न उच्चारता नुसतंच गाव फिरलो तर?"

"मग दवंडी अपुरी. तरी वेशीबाहेर! दुपारपर्यंत चारही चौकांत लोकांना सगळं कळलं पाहिजे!"

झालं! रखमाजी घरी आला तो घसाच बसवून घेऊन. भीतीनं तोंडातून शब्द फुटेना. त्याची लेक हौसा भाकऱ्या थापत होती. ही पोर दवंडीवाल्याची खरी, पण हलगी वाजली की आजही दचकायची! बापानं खुणा करकरून सांगितलेलं तिला कळलं नि तिच्या हातची भाकरीच चुलीत पडली.

"आबा, म्हणजे आपलं घरदार गेलं?"

रखमाजीनं मान डोलावली.

हौसा विचार करू लागली. शब्द उच्चारायचा तर नाही, पण लोकांच्या डोक्यात मात्र गेला पाहिजे. मग तिला राजांची खोड आठवली. राजांना कोड्याचं भारी वेड! कोडं कुणालाही घातलेलं असो, उत्तर आधी आपणच द्यायचं. राणीसाहेबांनी छोट्या युवराजांना घातलेलं कोडं त्यांनी न्हाणीघरातून ओरडून सोडवलं होतं, नि युवराज दिवसभर रुसले होते. साऱ्या गावाला ठाऊक होतं ते.

"आबा, उठा. तुम्ही हलगी वाजवा, बोलते मी." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण हळू वाजवा हं!"

पहिल्या चौकात हुकूम मोडणाऱ्यांची नावं टिपायला शास्त्रीबुवा बोरू नि कागद घेऊन तयारच होते. हलगी कडाडली. हौसा टुणकन उडाली, पदर सावरला नि ओरडली, "ऐका हो ऐका! महाराजांचा हुकूम! पुढचे शब्द बोलायची बंदी आहे. मीही बोलणार नाही, नुसती ओळख सांगते. जिथं सोंडवाले राहतात, ऊस खातात, साखळदंड खुळखुळवतात, ती जागा कोणती?"

"हत्तीखाना!" सगळा चौक गरजला.

"लिहा, शास्त्रीबुवा," हौसा हळूच म्हणाली. "तेली, तांबोळी, दोन सोनार, आणि ती चिंचा विकणारी म्हातारी."

"मी काय केलं गं बाई?" म्हातारी कळवळली.

"बोललात ना, आज्जी! आता वेशीबाहेर!"

दुसऱ्या चौकात तोफांची जागा विचारली, तिसऱ्यात राजाचं जेवण शिजतं ती. शास्त्रीबुवांचा कागद संपला, ते उपरण्यावर लिहू लागले! पण तोवर बातमी सगळीकडे पोचली. चौथा चौक राजवाड्यासमोरचा. तिथं हौसा पोचली तेव्हा लोक तोंडावर हात दाबून उभे होते. आणि गंमत बघायला खुद्द राजे वाड्याच्या दरवाजावर चढून बसले होते.

हौसा बोलली, "ऐका हो ऐका! वाड्याच्या दरवाजावरची जागा. पहाटे तिथं चौघडा झडतो, सनई वाजते. सांगा, कोणती?"

सगळे चिडीचूप!

"कुणालाच येईना?" हौसा म्हणाली. "एवढं अवघड आहे?"

राजे वर चुळबुळायला लागले. एकदा उठले. पुन्हा बसले. मिशी चावली.

"राहू द्या मग," हौसानं सुस्कारा सोडला. "करंजगडात हे सोडवणारं कुणी नाही, असं धरून चालू."

"कोण म्हणतं नाही?" राजे उसळून ओरडले. "अगं, मी बसलोय तोच! नगारखाना!"

बोरू शास्त्रीबुवांच्या हातातून गळून पडला.

"उचला की, शास्त्रीबुवा," हौसा घाबरत घाबरत म्हणाली. "उपरण्यावर जागा असेल अजून."

राजांनी जीभ चावली. हुकूम मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते गुरगुरले, "पोरी, हुकूम तो हुकूम! परका शब्द बाहेर जायलाच हवा!"

"जाऊ दे की, महाराज. पण शास्त्रीबुवा, त्या सोंडवाल्यांच्या जागेच्या नावातला 'हत्ती' कुठला हो?"

"हत्ती आपलाच. संस्कृत 'हस्ती'पासून आलेला," शास्त्रीबुवा पुटपुटले. "मागचं शेपूट तेवढं फारसी."

"म्हणजे शेपटीसाठी अख्खा हत्ती वेशीबाहेर? आणि हत्तीमागून सगळं गाव, गावामागून महाराज! मग शास्त्रीबुवांचे नवे शब्द बोलायला मागे उरणार कोण?"

राजांनी एकदा शास्त्रीबुवांच्या उपरण्याकडे पाहिलं, एकदा चिंचावाल्या म्हातारीकडे, आणि खो खो हसत सुटले. इतके हसले, की पगडी चौघड्यावर जाऊन आदळली नि चौघडा घुमला!

"हुकूम रद्द! शास्त्रीबुवा, तुम्ही आता असल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ नि गाव लिहून काढायचं. चुकलात तर ही पोर पकडेल. आणि हौसासाठी चांदीचे तोडे आणा! कुठून?" राजांनी डोळे मिचकावले. "जिथं आमचे दागिने नि भरजरी पोशाख कुलपात असतात, ती जागा कोणती?"

"जामदारखाना!" अख्खा चौक एका आवाजात गरजला.

आणि हौसा पुन्हा दचकली!